सोमवारचे द्रोण

उमापूरजवळची वाडी,
ता. गेवराई, जि. बीड
गुरुवार, दुपार

प्रिय रविराज,

हाताने लिहिलेलं पाकीट पाहून तू आधी हसशील आणि मग घाबरशील, कारण आपल्या वयात अशी पाकिटं बहुधा वाईटच बातमी आणतात. घाबरू नकोस. मी ठीक आहे, तुझी वहिनी गेवराईच्या घरी खुशाल आहे, माझी साखर होती तेवढीच आहे. फोनवर बोलावं तर तू मीटिंगमध्ये असतोस, आणि तू मोकळा असतोस तेव्हा आमच्याकडे रेंज नसते. मोबाइलवर लिहायला बसलो की दोन ओळींत सगळं आटपतं, आणि ते कोण कुणाला पुढे धाडेल याचा नेम नाही. म्हणून कागद घेऊन आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर बसलोय. लाईट गेलीय, बाहेर चिटपाखरू नाही, आणि एरवी दुपारी इथं बसून माझं डोकं खाणारी माणसं आज या बाजूला फिरकत नाहीत. ती का फिरकत नाहीत तेही सांगतो. उद्या गेवराईच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने टाकतो, म्हणजे बुधवारच्या तुझ्या दिल्लीच्या बैठकीआधी पोचेल. त्याआधीच पोचायला हवं.

आधी ताजी बातमी. या सोमवारी मी साप्ताहिक अहवालात ‘ताप आणि पुरळ’ या रकान्यात पाच लिहिले. पाच लहान मुलं, सगळी पाटाच्या कडेच्या वस्तीतली, लक्षणं गोवराची. मंगळवारी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम पथक घेऊन आल्या, मुलांचं रक्त घेतलं, आणि बर्फाच्या डब्यात घालून नमुने वर तपासायला गेले. आज गुरुवार. निकाल नाही. दिवाळी झाली की आमची वाडी निम्मी रिकामी होते, ऊस तोडायला जाते, हे तुला काय सांगायचं. या मंगळवारीच बजरंग मुकादमाची टोळी निघायची होती. बारा ट्रॅक्टर, मागे ट्रॉल्या, त्यांत पाट्या, गोधड्या, कोंबड्या, पोरंबाळं, सगळं भरून तयार. मॅडमनी हात जोडून सांगितलं की निकाल येईपर्यंत कुणी हलू नका, आणि तहसीलातूनही तसाच निरोप आला. काल शाळेच्या मैदानात सगळ्या मुलांना लस टोचली. ट्रॅक्टर तिथंच उभे आहेत. बायकांनी ट्रॉलीत बांधलेली भांडी सोडून तिथंच तीन दगडांच्या चुली मांडल्यात, कारण घरांना कुलपं लावून झालीत आणि बांधलेलं बोचकं परत घरात नेणं अपशकुनाचं समजतात.

आणि या सगळ्याला कारण मी. बजरंग मुकादम काल ओसरीसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “पंचवीस वर्सं तुमाला आमी आपलं मानलं, अन तुमी एका आकड्यानं सारी टोळी उभी केली. कावून? आमचं काय वाईट केलतं आमी?” ओरडला असता तर बरं झालं असतं, तो हळू बोलला. हॉटेलवाल्याने चहा दिला नाही, दूध संपलं म्हणाला, आणि दूध माझ्या डोळ्यांसमोर भगुण्यातून उतू जात होतं. परवा माझ्या गाडीच्या दोन्ही चाकांची हवा गेली. दोन्ही चाकं एकाच वेळी पंक्चर होत नसतात एवढं मलाही कळतं. मार्चअखेर मी निवृत्त होतोय. तुझी वहिनी फोनवर म्हणते, “चार महिने राहिले होते, डोळे मिटून काढायचे होते ना.” तिला काय सांगू, की डोळे मिटूनच तर मागची तीन वर्षं काढली.

तुझा आराखडा मी वाचला. पुढच्या वीस वर्षांत देशातल्या साथींवर नजर कशी ठेवायची, त्याचा एवढा जाडजूड ग्रंथ तू मोबाइलवर पाठवलास. मी तो गेवराईत छापून घेतला आणि अडेल तिथे मॅडमना विचारत, तुकड्यातुकड्याने का होईना, पुरा केला. चांगला लिहिलायस. थट्टा करत नाही. सांडपाणी तपासून शहरात कोणता रोग शिरलाय ते माणसं आजारी पडण्याआधीच ओळखायचं, हे तर मला फारच आवडलं. फक्त आमच्या वाडीत गटार नाही, तेव्हा आमचं काय तपासणार ते लिहायचं राहून गेलंय. जनावरांचे आणि माणसांचे रोग एकाच ठिकाणी नोंदवायचे, हे मी आमच्या हरिबाला वाचून दाखवलं. तो आयुष्यभर मेंढरं राखत आलेला माणूस. म्हणाला, “हे आत्ता कळलं व्हय तुमाला?” आणि मग आलं ते एकेचाळिसावं पान. त्यावर चौकट, चौकटीत माझं उपकेंद्र, भिंतीवरच्या तक्त्यापुढे छाती काढून उभा असलेला मी. तू गणपतीच्या सुमारास पाहुणे घेऊन आला होतास तेव्हाचा फोटो. खाली लिहिलंयस की दोनशे आठवड्यांत इथला एकही अहवाल चुकला नाही, उशिरा आला नाही. तीन वर्षांत गोवराची नोंद शून्य. आणि अशा शेवटच्या माणसाचा प्रामाणिकपणा हाच साऱ्या यंत्रणेचा पाया आहे. मॅडमनी मोठ्या कौतुकाने त्याचं मराठी करून सांगितलं. मी पाणी पिण्याचं निमित्त करून उठलो.

अरे, तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला तरी शंका यायला हवी होती. तीन वर्षांत एकाही पोराच्या अंगावर पुरळ उठत नाही असं गाव भूतलावर आहे का? घामोळं तरी उठतं. जिथून नुसतं ‘निरंक’ येतं तिथली माणसं धडधाकट असतात असं नाही, तिथला लिहिणारा झोपलेला असतो. हे तूच तुझ्या आराखड्यात एके ठिकाणी लिहिलं आहेस, पण माझ्या चौकटीजवळ येताना ते विसरलास. का विसरलास ते मला ठाऊक आहे. तुला अजून ते बाभळीचं झाड दिसतं.

आपण दोघं नोकरीला नवे होतो तेव्हाची गोष्ट. पोलिओच्या रविवारी तुला उमापूरच्या शिवारातली चाळीस घरं दिली होती आणि मला त्याच्या पुढची. मी दुपारी परत येतो तर तू बाभळीखाली बसून, शिदोरी सोडून, फॉर्म भरतोयस. सगळी घरं भरून झाली होती. नशीब असं की मी सहज चाळला आणि एका घरापुढे तीन मुलं दिसली. त्या घरात दोघंच म्हातारी माणसं राहायची, लेकरू झालंच नव्हतं त्यांना. तू हसत म्हणालास, “दिली असतील देवानं.” मला असला राग आला की मी तुझी भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली आणि तुला उठवलं. “काय बे त्रिंबक, सरकारचा जावई हायस का?” असं बडबडत तू उठलास. पण उठलास. अंधार पडायच्या आत आपण चाळीस घरं केली, आणि बत्तीस पोरं निघाली, ज्यांना त्या दिवशी डोस मिळालाच नसता. पुढच्या आठवड्यात सायकली काढून आपण कपिलधारला गेलो, धबधब्याच्या पाण्यात पाय सोडून बसलो, आणि तिथं तू म्हणालास की मी ही नोकरी सोडणार, पुढे शिकणार, आणि काही खोटं लिहायची पाळी आली की तुझं तोंड आठवणार. तू खरोखर गेलास, शिकलास, मोठा झालास. परदेशी पाहुण्यांना तू ती गोष्ट सांगतोस हे मी गणपतीच्या वेळी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मी खाली बघत होतो, तुझ्या ध्यानात आलं नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो जी मी कुठल्याही प्रशिक्षणात बोललो नाही, कारण तिला फॉर्ममध्ये रकाना नाही. आमच्याकडे लेकराला गोवर आला की कुणी ‘गोवर’ म्हणत नाही. ‘आई आली’ म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरातली फोडणी बंद होते, परका माणूस आत घेत नाहीत, आणि दवाखाना तर नाहीच नाही, सुई टोचली की आई कोपते. मी नोकरीला लागलो तेव्हा दारोदार जाऊन विचारायचो आणि सगळीकडे “कुनीच न्हाई आजारी” असं ऐकून परत यायचो. मग डोकं चालवलं. पुरळ उतरलं की घरातली बाई दहीभाताचा द्रोण घेऊन मरीआईला जाते, आईला निवण करायला, म्हणजे थंड करायला. आमच्या मरीआईचं ठाणं वाडीबाहेर, माझ्या रस्त्यातच. त्याची झाडलोट वत्सलाबाई करते, ऐंशीच्या पुढची असेल आता. मी दर सोमवारी अहवाल भरण्याआधी तिथून जायचो आणि द्रोण मोजायचो. एखादा असेल तर पुढे जायचो. दोनाच्या वर असतील तर वस्त्या पालथ्या घालायचो, आणि संध्याकाळी ज्या घरातून फोडणीचा वास येत नाही त्या घरासमोर पाणी मागायला उभा राहायचो. आजारी पोर सापडायचंच. वत्सलाबाईशी मी याबद्दल एक शब्द बोललो नाही आणि तीही बोलली नाही. पण काही दिवसांनी मला दिसलं की ती रविवारी झाडतच नाही. आठवड्याचे सगळे द्रोण ओट्यावर ओळीने मांडून ठेवते आणि मी गेल्यावर मग झाडू घेते. वीस वर्षं आमचं असं चाललं. तालुक्यात गोवर आधी आमच्याकडून कळायचा आणि साहेब लोकांना वाटायचं, त्रिंबक फार हुशार.

तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, दिवाळीनंतरच्या सोमवारी, त्या ओट्यावर सात द्रोण होते. सात, रविराज. वत्सलाबाई लिंबाखाली बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी गाडीसुद्धा बंद केली नाही. मैदानात ट्रॅक्टर सुरू होते, टोळी निघायच्या बेतात होती. मी तिथं गेलो तर सटवा नावाचा गडी, माझ्या मांडीवर खेळलेलं पोर म्हण, पुढे आला आणि म्हणाला, “भाऊ, औंदा काई लिवू नका. पथक आलं तर आमी अडकून पडतो, दुसरी टोळी आमच्या जागी लागंल.” बाकीचे मागे उभे राहून ऐकत होते. आणि मला त्या आधीच्याच महिन्यात नोटीस आली होती, कारण मी कळवलेल्या दोन पोरांचे नमुने उशिरा पोचले. निरंक लिहिणाऱ्याला कधी नोटीस आल्याचं तू ऐकलंयस का? मी मनाशी म्हटलं, दुपारी बारापर्यंत अहवाल जायचा आहे, ट्रॅक्टर अकराला जातील. बारा वाजता माझ्या वाडीत एकही आजारी पोर नसेल. मग निरंक लिहिलं तर खोटं कुठं? असं मी स्वतःला समजावलं, आणि मला ते पटलंही. ट्रॉल्या माझ्यासमोरून गेल्या. एकीत सटवाची बायको रतनबाई बसली होती, मांडीवर त्यांची अंजू, अडीच वर्षांची, ठणठणीत, हातात मक्याचं कणीस. तिच्याशेजारी गोधडीत गुंडाळलेलं एक पोर होतं आणि गोधडीच्या टोकाला लिंबाची डहाळी बांधली होती. ती मी पाहिली. अंजूने मला हात केला, मी तिला हात केला. मग उपकेंद्रात येऊन निरंक भरलं आणि जेवायला बसलो.

अंजूचं गोवराचं एकही इंजेक्शन झालं नव्हतं. तिच्या कार्डावर तिचं नाव आहे, आईबापाचं नाव आहे, आणि गोवराच्या चौकटीत माझ्याच अक्षरात ‘स्थलांतरित’ लिहिलेलं आहे. नऊ महिन्यांची झाली तेव्हा ती उसात होती. परत आली तेव्हा सत्राच्या दिवशी रतनबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली होती, आणि मी “पुढच्या खेपेला बघू” म्हणालो. तिकडे, कारखान्यापासून आठ कोसांवर, फडाच्या कडेला कोप्या घालून टोळी राहिली होती. पंधरा दिवसांनी अंजूला ताप आला, मग पुरळ, मग छाती भरली. तिथं लिंबाचं झाडही नव्हतं. दुसऱ्या कुठल्याशा गावातून सटवाने डहाळा आणला आणि कोपीच्या तोंडाला लावला. गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. ती तिथंच गेली आणि तिला तिथंच, ओढ्याच्या काठी ठेवून दुसऱ्या दिवशी दोघं फडात उतरली. त्या जिल्ह्याने तिची नोंद केली नाही, कारण ती त्यांच्या गावची नव्हती. आमच्या जिल्ह्याने केली नाही, कारण ती आमच्या हद्दीत मेली नव्हती.

मला हे चैत्रात कळलं. टोळ्या परत आल्या होत्या, लसीकरणाचा दिवस होता, बायका पोरं घेऊन रांगेत बसल्या होत्या. रतनबाई रिकाम्या हातांनी रांगेत बसली. तिचा नंबर आला तेव्हा तिने पदरातून ते कार्ड काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “हे घ्या भाऊ, आता लागत न्हाई.” एवढंच. उठून गेली. मी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्यानंतरच्या सोमवारी मी मरीआईवरून गेलो तर ओटा स्वच्छ झाडलेला. पुढच्या सोमवारीही. पावसाळ्यातही. वत्सलाबाई आता रविवारीच झाडते. मी कितीदा तिला रामराम केला असेल. ती वर बघत नाही. आणि तेव्हापासून माझा तक्ता कोरा करकरीत आहे, ज्याच्यापुढे उभं करून तू माझा फोटो काढलास. गेल्या तीन वर्षांत इथं गोवर आला की नाही, मला माहीत नाही. कुणी मला सांगत नाही, आणि मी विचारलं नाही. तुझ्या आराखड्यात माहिती गोळा करायच्या यंत्रांवर किती पानं आहेत! पण एक लक्षात ठेव, माहिती ही माणसं आपल्याला देतात, आणि एकदा आपण ती फेकून दिली की ती पुन्हा देत नाहीत.

मग या रविवारी सकाळी रतनबाई उपकेंद्राच्या दारात आली. तिला आता मुलगा आहे, रामेश्वर, दहा महिन्यांचा, तो कडेवर. टोळीत तिचीही ट्रॉली भरून तयार. ती आत आली नाही, चौकटीपाशीच उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, पाटाकडच्या चार घरांत फोडणी बंद हाय. औंदा लिवा.” मी विचारलं, सटवाला माहीत आहे का? म्हणाली, “न्हाई. त्येला मी सांगन. तुमी लिवा.” मी तसाच उठलो. चार घरं नाही, पाच निघाली. एका घरात मला आत घेतलं नाही, खिडकीतून पोर पाहिलं. सोमवारी अहवाल भरताना पाचाच्या जागी दोनदा भलताच आकडा दाबला गेला. पाठवला, आणि नंतर अर्धा तास नुसता बसून राहिलो. तेव्हापासून सटवाही माझ्याशी बोलत नाही, आणि रतनबाईशी बोलतो की नाही ते मला कळायला मार्ग नाही. ती मैदानात तिसऱ्या चुलीपाशी दिसते, पोराला मांडीवर घेऊन.

आता मला भीती कशाची वाटते ते सांगतो, कारण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगणार. नमुने चांगले निघाले, म्हणजे गोवर नाही, दुसरंच काही साधं पुरळ आहे असं निघालं, तर मी उगीच बारा ट्रॅक्टर अडवले असं होईल. माझं तर राहोच, रतनबाईलासुद्धा लोक तोंड दाखवू देणार नाहीत, कारण तिने सांगितलं हे लपून राहणार नाही. आणि पुढे कुणाही बाईने दारात येऊन “लिवा” म्हणायची हिंमत केली नाही तर तो दोष माझाच. नमुने वाईट निघाले तर ती पाच लेकरं आणि काल लस टोचली तरी उशीर झालेली आणखी किती, हा विचार पाठ सोडत नाही. मी देवाकडे नक्की काय मागावं? डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत, म्हणतात, “काका, तुम्ही बरोबर केलंत, निकाल काहीही येवो.” तू हे वाक्य तुझ्या आराखड्यात घाल. निकाल काहीही येवो, कळवणाऱ्याला नोटीस नाही आणि कळवणाऱ्या गावाला शिक्षा नाही. ज्या दिवशी गाव अडेल त्या दिवसाची भाकरी कोण देणार हेही तिथंच लिही, नाहीतर सटवाचं म्हणणं चुकीचं ठरवायचा तुला किंवा मला काय अधिकार? आणि जी माणसं अर्धं वर्ष एका जिल्ह्यात आणि अर्धं दुसऱ्यात असतात, त्यांना कुणाच्या रकान्यात धरायचं तेही ठरव. मी लहान माणूस, मला एवढंच सुचतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. मंगळवारी पथक गेल्यावर मी पोर्टल उघडलं आणि तीन वर्षांपूर्वीचा तो सोमवार शोधला. निरंक खोडून सात करायचं होतं, आणि त्याखाली एक मृत्यू भरायचा होता. होत नाही. मागची तारीख घेत नाही ते. तालुक्याला विचारलं, ते म्हणाले, एवढी जुनी दुरुस्ती कशाला काढता काका, निवृत्तीला आलात. म्हणून मी हा अहवाल तुला पाठवतोय, कारण त्या सगळ्या यंत्रणेत मी नावाने ओळखतो असा तू एकच माणूस आहेस. अंजू सटवा, मुलगी, वय दोन वर्षं सहा महिने, ताप आणि पुरळ, लस नाही, गाव आमची वाडी, मृत्यू उसाच्या फडावर, कळवायला उशीर तीन वर्षं, उशिराचं कारण मी. एकेचाळिसाव्या पानावरची ती चौकट काढ, फोटोसकट काढ, आणि तिथं हिला बसव. बुधवारी सगळ्यांसमोर वाच, माझं नाव घेऊन वाच. बाभळीखालून मी तुला उठवलं होतं, ते एक देणं तुझ्याकडे आहे असं समज. सोबत तिचं कार्ड जोडलंय. काल मैदानात जाऊन रतनबाईला विचारलं, पाठवू का म्हणून. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “पाठवा. पर परत आना.” तेव्हा काम झालं की ते जपून, रजिस्टर पोस्टाने, परत पाठव. तिचं नाव लिहिलेला तेवढा एकच कागद आहे.

वाट पाहणारा तुझाच,
त्रिंबक